वळणावरच्या सज्ज्याचा पडदा

"त्या पडद्याला हात लावू नकोस हं, नियेवेस," असं पाववाल्या कासिल्दानं तिला मे महिन्यातच बजावलं होतं. बजावलं म्हणजे काय, पाव कापता कापता, सुरी न थांबवता सांगितलं होतं. "पडदा खाली-वर झाला की गल्लीला कळतं, म्हातारी अंगुस्तियास ठीक आहे. तू तो वर बांधून टाकलास की गल्ली आंधळी होईल."

नियेवेस हसली. "मावशी, आता सगळ्यांकडे फोन आहेत."

"फोन असतो गं. उचलायला हात लागतो."

नियेवेसनं पाव पिशवीत टाकला, छातीशी झोळीतल्या बाळाची, वेराची, टोपी सरळ केली आणि निघाली. तिला त्या वेळी एकच गोष्ट दिसत होती : त्या सज्ज्याचा फोटो.

बेनाहारा गाव टेकडीला असं चिकटलेलं आहे की एकाची गच्ची ती दुसऱ्याची पायरी. वर पडका किल्ला, खाली ऑलिव्हच्या रांगा, मध्ये डोळे दिपवणारी पांढरी घरं. नियेवेस ग्रानादाला इतिहास शिकून परत आली आणि पर्यटकांना गाव दाखवायला लागली, त्याला तीन वर्षं झाली होती. वेशीची कमान, पूर्वी मशीद असलेलं चर्च, पाण्याचं टाकं, मग वरच्या आळीचं वळण आणि शेवटी किल्ला. लोक कमानीपाशी जांभया द्यायचे, टाक्यापाशी पाणी मागायचे आणि वळणावर पोचले की एकदम जागे व्हायचे. तिथं अंगुस्तियासचा सज्जा होता. लाल जिरेनियमच्या कुंड्या, काळे लोखंडी गज आणि बरोबर मागे किल्ल्याचा बुरूज, जणू कुणी मोजून ठेवलाय.

फक्त तो हिरव्या पट्ट्यांचा पडदा आड यायचा. वरून गजांवर सोडलेला, अर्ध्या कुंड्या झाकणारा. सगळ्या आळीची रीत तीच. रात्री पडदा खाली, सकाळी आठला गुंडाळून वर, ऊन गल्लीत उतरलं की पुन्हा खाली, संध्याकाळी सातला पुन्हा वर. नियेवेसची सकाळच्या सफरीची मंडळी पोचायची साडेअकराला, म्हणजे नेमकी पडदा पडल्यावर.

पडदा वरच बांधून ठेवू का, असं तिनं अंगुस्तियासला विचारलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, नवऱ्यामागे एकवीस वर्षं एकटी, तोंडानं तिखट. ती म्हणाली, "आणि फोटोत मी पण दिसणार का?"

"दिसाल की. सज्ज्यात आलात तर."

"मग नाही येणार. फुलं दिसू देत. ती माझ्यापेक्षा बरी आहेत." आणि मग जरा थांबून, "पण लिहाल ना कुठे, अंगुस्तियासची फुलं म्हणून?"

नियेवेसनं स्वतः खुर्चीवर चढून पडदा गुंडाळला आणि दोन्ही टोकांना तारेचे दोन-दोन वेढे दिले. जूनमध्ये तो फोटो गावाच्या माहितीपत्रकावर आला, खाली नावासकट. अंगुस्तियासनं पत्रक देवघरातल्या मूर्तीच्या पायाशी टेकवून ठेवलं. कासिल्दानं ते दुकानात लावायला नकार दिला. भिंतीवर जागा नाही म्हणाली. भिंत अख्खी रिकामी होती.

आता नियेवेस म्हणजे काही बेफिकीर बाई नव्हे. उलट, सगळं गाव तिला तिच्या काळजीवरून चिडवायचं. वेरा नऊ महिन्यांची. फेब्रुवारीत तिला उचकी लागली म्हणून नियेवेसनं दवाखान्यातल्या डॉक्टरला जेवणावरून उठवलं होतं. तेव्हापासून तो तिला रस्त्यात गाठून विचारायचा, "काय आज? शिंक?" वेराला सासू घ्यायला आली की नियेवेस आधी सासूच्या हातातल्या अंगठ्या बघायची, मुलीला बोचतील म्हणून. नवरा फेर्मिन म्हणायचा, "हिला चिमणी दिसली तर ही तिचा ताप मोजेल." आळीतल्या बायकांनी तिचं नावच भोंगा ठेवलं होतं. आणि हीच बाई, जी मुलीचा श्वास रात्रीत चारदा ऐकायची, तिनं एका म्हातारीच्या घराचं तोंड तारेनं बांधून टाकलं होतं. तिच्या ते मनातही आलं नव्हतं.

सप्टेंबरातला दिवस होता. ऊन अजून ऑगस्टमधलंच. तेरुएलकडची निवृत्त मंडळी आली होती, बारा जण, सगळे टोप्या घालून. त्यांच्यात अमादेओ नावाचे एक उंच गृहस्थ होते, आयुष्यभर रेल्वेत काम केलेले. ते प्रत्येक पायरीवर थांबून आकडा सांगत होते.

"एकोणसाठ. बाई, अजून किती?"

"वळणापर्यंत पस्तीस."

"चौऱ्याण्णव पायऱ्या? आमच्याकडे एवढ्या उंचीवर गाडी जाते."

"आमच्याकडे गाढव जायचं," नियेवेस म्हणाली. "आता तेही नाही म्हणतं."

मंडळी हसली. तिच्या कमरेला छोटा स्पीकर, तोंडापाशी माइक, छातीशी झोळीत वेरा. ती जोमात होती. हे तिचं गाव, हे तिचं काम, ते ती झोपेतही चोख करू शकली असती. वळण आलं आणि ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "आणि हा आपल्या गावाचा चेहरा. इथं एक गोड आजी राहतात, सूर्याबरोबर उठतात आणि..."

ती थांबली.

सज्ज्याखालची भिंत कोरडी होती.

अंगुस्तियास रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायची, आणि घालायची ते असं की निम्मं पाणी खाली गळायचं. पांढऱ्या चुन्यावर तीन ओले ओघळ उतरायचे आणि दुपारपर्यंत वाळायचे. नियेवेसनं ते ओघळ इतक्यांदा बघितले होते की ते आपण बघतो हेही तिला माहीत नव्हतं. आज भिंत कोऱ्या कागदासारखी. पायरीवर गळलेल्या पाकळ्या तशाच. म्हातारीची पायरी म्हणजे तिचं नाक. तिनं तिथं पाकळ्या राहू देणं शक्यच नव्हतं.

पडदा मात्र वर होता. अगदी व्यवस्थित, गुंडाळलेला, हसऱ्या तोंडानं सगळं ठीक आहे असं सांगत.

'उशिरा उठली असेल,' नियेवेसच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं : बारा परके लोक, मध्येच थांबवलेली सफर, आणि सज्ज्यातून डोकावणारी म्हातारी : काय गं, आज माझी उचकी का? संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत ते फिरेल.

पण नियेवेसला भीतीची सवय होती, नऊ महिन्यांची, दिवसरात्रीची. वेराच्या वेळच्या भीतीत तिचे हात थरथरायचे. आता ते थरथरत नव्हते. म्हणून तिला कळलं की ही ती भीती नाही. तिनं माइक काढला, स्पीकर बंद केला.

"मंडळी, जरा थांबावं लागेल. या घरात काहीतरी बरं दिसत नाही."

तिनं दार ठोठावलं. मुठीनं, मग तळहातानं. फोन लावला, तो आत वाजलेला बाहेर ऐकू आला, वाजत राहिला आणि बंद झाला. दार कुलूपबंद होतं.

किल्ली पूर्वी डावीकडच्या पुरी नावाच्या शेजारणीकडे असायची. पुरीचं घर दोन वर्षांपूर्वी विकलं गेलं. आता तिथं सुट्टीला लोक येत, दाराला आकडे दाबायचं कुलूप. तिनं तिथं ठोठावलं तेव्हा एक परदेशी तरुण अर्धवट झोपेत बाहेर आला.

"शेजारच्या आजी दिसल्या का काल? आज सकाळी?"

त्यानं सज्ज्याकडे बघितलं. "तिथं कुणी राहतं? मला वाटलं ते म्युझियम आहे."

उजवीकडचं घरही तसलंच, आणि रिकामं. समोरचं बंद. नियेवेसनं गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली. ती लहान असताना इथं खुर्च्या टाकून पाच घरच्या बायका बसायच्या. त्या पाचांतली एकच उरली होती आणि तिचंच दार उघडत नव्हतं.

तिनं मंडळींतल्या सर्वांत चपळ दिसणाऱ्या बाईला सांगितलं, "खाली चौकात पावाचं दुकान आहे. कासिल्दाला सांगा, नियेवेसनं अंगुस्तियाससाठी बोलावलंय. एवढंच सांगा, ती येईल." मग ती वळली. वरच्या गल्लीतून गच्चीवर उडी मारता येत होती; लहानपणी चेंडूमागे ती कितीदा गेली होती. पण छातीशी बाळ घेऊन नाही.

तिनं झोळीची बकलं सोडली. सासूला सुद्धा अंगठ्या बघून मुलगी देणारी नियेवेस, तिनं समोरच्या उंच माणसाकडे बघितलं, त्याचे हात बघितले. मोठे होते, स्थिर होते.

"अमादेओ, हिला धरा. मान सांभाळावी लागत नाही आता, पण ही मागे झोकून देते. आणि तोंडात काही जाऊ देऊ नका."

"चार मुलं वाढवलीत, बाई," वेराला काखेत घेत अमादेओ म्हणाले. "त्यातली तीन माणसांत आली. जा तुम्ही."

ती गेली. मागे वळून बघितलं नाही. पुढे हे आठवून तिला स्वतःचंच नवल वाटायचं. वरच्या गल्लीतून कठड्यावर, कठड्यावरून कौलांची कड धरून गच्चीवर, गच्चीतून अरुंद जिन्यानं खाली. आतल्या अंगणात सावली होती, तुळशीसारख्या पाल्याच्या कुंड्या होत्या, कलंडलेली बादली होती. आणि बादलीशेजारी अंगुस्तियास कुशीवर पडलेली होती, अर्ध्या केसांवर चुना वाळून दगड झालेला.

"कोण?" आवाज खरखरीत होता, पण होता.

"मी. नियेवेस."

"मग एवढा वेळ काय करत होतीस गं, बये? काल संध्याकाळपासून हाका मारतेय."

नियेवेस गुडघ्यावर बसली. आधी डोळे बघितले. चुना डोळ्यांत गेला नव्हता, नशीब. बोटांनी नाडी, मग ओठ. ओठ फुटले होते. मांडी विचित्र वळली होती.

"हलू नका. कुठे दुखतंय?"

"कुठे दुखत नाही ते विचार. सणाच्या आधी भिंतीवर एक हात मारून घ्यावा म्हटलं. स्टुलावर चढले."

"चौऱ्याऐंशीव्या वर्षी?"

"मग काय, चोविसाव्या वर्षी मारलेला चुना अजून टिकणार होता?"

नियेवेसनं एकही आकडा न चुकवता रुग्णवाहिकेचा नंबर लावला, पत्ता सांगितला, गाडी कमानीपर्यंतच येईल हे सांगितलं, स्ट्रेचर हाती आणावं लागेल हेही. स्वयंपाकघरातून पाणी आणून चमच्यानं थेंब थेंब पाजलं. म्हातारी एकेक थेंब हिशेबानं गिळत होती आणि मध्येच बोलत होती.

"काल सातला तू सज्ज्याखाली आलीस लोकांना घेऊन. सगळं ऐकलं मी. त्या तुझ्या डब्यातून. इथं एक गोड आजी राहतात म्हणे! सूर्याबरोबर उठतात म्हणे! मी इथून बोंबलतेय, गोड आजी गेली खड्ड्यात, आधी आत ये! पण तुझा डबा माझ्यापेक्षा मोठा."

नियेवेसच्या हातातला चमचा थांबला. काल संध्याकाळच्या सफरीत सातला ती तिथं उभी होती. मध्ये एक भिंत. आणि पडदा बांधलेला नसता, तर तो काल सातनंतरही खालीच राहिला असता; ते कुणाच्या नजरेतून सुटलं असतं, तरी आज सकाळी आठनंतर पाव द्यायला निघालेल्या कासिल्दानं तो बघितला असता आणि नऊच्या आत दार फोडलं असतं.

"आज मात्र डबा बंद झाला," अंगुस्तियास म्हणाली. "मध्येच. तेव्हा म्हटलं, पोरीला कळलं."

नियेवेसनं जाऊन दार आतून उघडलं. बाहेर मंडळी सावलीला भिंतीशी ओळीनं उभी होती, जणू गाडी यायची आहे. अमादेओंची टोपी वेराच्या तोंडात होती.

"तोंडात काही जाऊ देऊ नका म्हटलं होतं ना मी?"

"ही टोपी माझी होती, बाई. आता हिची आहे. मला त्यात बोलायचा हक्क नाही."

कासिल्दा पोचली ती पिठाच्या हातांनी, धापा टाकत. आत जायच्या आधी तिची नजर वर गेली, सज्ज्याकडे, तारेकडे. नियेवेसनं ती नजर झेलली.

"मावशी, तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं खरं," कासिल्दा म्हणाली. "ते नंतर. आता उशी आण, आणि व्हिनेगर आण तिच्या केसांतला चुना काढायला. असल्या अवतारात ती गावातून जाणार नाही, मेली तरी."

आणि खरंच, स्ट्रेचरवर चढवताना अंगुस्तियासनं पहिली आज्ञा सोडली ती केसांवर रुमाल टाकायची. दुसरी तेरुएलच्या मंडळींना : "फोटो काढलेत तर याद राखा. त्यासाठी फुलं आहेत." कुणीच काढला नाही. ते बाराही जण स्ट्रेचरमागून चौऱ्याण्णव पायऱ्या उतरले, कुणाच्या हातात म्हातारीची पिशवी, कुणाच्या हातात औषधं. अमादेओ शेवटी, टोपी चघळणाऱ्या बाळासकट. त्या दिवशी किल्ला कुणी बघितलाच नाही आणि तक्रारही केली नाही.

नियेवेस खुर्चीवर चढली आणि तार कापली.

खालच्या शहरातल्या इस्पितळात खुब्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी नियेवेस भेटायला गेली तेव्हा पलंगाशी बिल्बाओहून आलेला मुलगा तेओदोरो बसला होता. चांगला माणूस, दमलेला. त्यानं तिचे हात धरले आणि आईचा जीव वाचवलात म्हणाला. तिला तिथंच थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

"पडदा मी बांधला होता," ती म्हणाली. "फोटोसाठी. तो बांधला नसता तर तुमच्या आईला निदान तीन तास आधी पाणी मिळालं असतं."

तेओदोरोनं हात सोडले. बोलली ती आई, उशीवरून.

"बांधायला ही, हो म्हणायला मी. दोघींची अक्कल एकत्र केली असती तरी एका कोंबडीला पुरली नसती. आता तू उगाच तोंड पाडू नकोस, तेओ."

"आई, तू आता वर एकटी राहायचं नाही. बिल्बाओला चल, नाहीतर वृद्धाश्रम बघू. गल्लीत आहे कोण? सगळी घरं भाड्याची."

"मी तिथं जन्मले."

"ते खरं. पण तिथं पडलीस तर कुणाला कळत नाही."

अंगुस्तियासनं तोंड भिंतीकडे केलं. नियेवेसनं तिला पहिल्यांदाच गप्प बघितलं आणि ते तिला अंगणातल्या दृश्यापेक्षा वाईट वाटलं.

"कळेल," नियेवेस म्हणाली.

"कसं? तुम्हाला काम आहे, बाळ आहे."

"सकाळी आठला कासिल्दा पाव घेऊन वर येईल. रात्रीचं जेवण घेऊन फेर्मिन किंवा मी. मधल्या वेळात..." इथं ती जरा अडखळली आणि मग तिला ते दिसलं, इतकं सरळ की तिचं तिलाच हसू आलं. "मधल्या वेळात त्या गल्लीतून दिवसाला पन्नास माणसं जातात. मीच नेते त्यांना. त्यांना डोळे आहेत, तोंड आहे. नुसते फोटो काय काढायचे? शेजार गेला म्हणून रडण्यापेक्षा जे येतात त्यांना शेजारी करू."

"परके लोक?"

"परक्या माणसाकडे मी माझी मुलगी दिली होती, तेओदोरो. मी. गावात कुणालाही विचारा याचा अर्थ काय होतो."

पलंगावरून खाकरल्याचा आवाज आला. "हे मात्र खरं," भिंतीकडे तोंड असलेली म्हातारी म्हणाली. "या बाईनं मला ते पोर कधी धरू दिलं नाही."

तेओदोरोनं आई घरी गेल्यापासून दोन महिन्यांची मुदत दिली. जमलं तर ठीक, नाहीतर बिल्बाओ.

नोव्हेंबरात अंगुस्तियास वॉकर घेऊन घरी आली. स्टूल कासिल्दानं दुकानात नेऊन ठेवलं. किल्ल्या तीन झाल्या : एक तिची, एक कासिल्दाकडे, एक नियेवेसकडे. फक्त माहितीपत्रकाचं अडलं. नगरपालिकेतल्या माणसानं नियेवेसचा नवा मजकूर वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, हे पर्यटनाचं पत्रक आहे. यात वर्षं लिहितात, बुरुजाची उंची लिहितात."

"उंची पहिल्या पानावर आहे. हे शेवटच्या पानावर आहे."

"लोकांना सुट्टीत कामाला लावायचं?"

"वर तोंड करून एक हाक मारायला लावायचं. त्या तेरुएलच्या लोकांना विचारा, त्यांना सबंध सफरीतलं काय आठवतंय."

त्यानं अजून एकदा वाचलं, एक स्वल्पविराम बदलला, म्हणजे आपणही काही केलं असं व्हावं, आणि छापायला दिलं. ते पत्रक आजही कमानीपाशी मिळतं. शेवटच्या पानावर नियेवेसनं लिहिलंय ते असं :

वळणावर पोचलात की दम खा, फोटो काढा. मग फोन खिशात घाला आणि वर बघून मोठ्यानं हाक मारा : "अंगुस्तियास, बऱ्या आहात ना?" तुमच्या भाषेत मारलीत तरी चालेल. उत्तरादाखल तुम्हाला बहुतेक शिव्या मिळतील; तुमच्या टोपीवरून, नाहीतर तुमच्या मोठ्या आवाजावरून. त्या ऐकू आल्या की खुशाल किल्ल्याकडे चला. पण काहीच ऐकू आलं नाही, तर घाई करू नका. पुन्हा हाक मारा, दार वाजवा, आणि तरीही घर गप्प असेल तर उलट पावली खाली उतरून पावाच्या दुकानात सांगा. किल्ला आठशे वर्षं उभा आहे, तो अर्धा तास थांबेल. त्या वेळी मी दुसरीकडे असेन, तिथं तुम्ही असाल. माझ्यासाठी एवढं बघून जा.